'कॅलिफोर्नियाची मुलगी' आणि आपला संशोधन-प्रश्न

आई शेवटच्या आजारात आहे. जवळ राहणारी माणसं आणि डॉक्टर मिळून ठरवतात, की आता तिला त्रासदायक उपचार नकोत. तेवढ्यात लांब राहणारी, फारसा संपर्क नसलेली मुलगी घरी पोचते आणि म्हणते, "जे जे करता येईल ते सगळं करा."

१९९१ साली मोलॉय आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धवैद्यक नियतकालिकात अशी केस मांडली. नाव दिलं 'डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया सिंड्रोम'. गंमत म्हणजे खुद्द कॅलिफोर्नियात हिलाच न्यूयॉर्कची किंवा शिकागोची मुलगी म्हणतात!

असा पेपर वाचताना तीन गोष्टी बघा. एक, हा केस रिपोर्ट आहे. एका घरावरून 'लांबची भावंडं अशीच वागतात' असं म्हणता येत नाही. दोन, 'सिंड्रोम' म्हटलं म्हणून तो आजार होत नाही. तीन, नाव डॉक्टरांनी दिलंय. जवळच्यांनी आईला रोज थोडं थोडं खचताना पाहिलेलं असतं. लांबच्या मुलीच्या डोळ्यांपुढे कदाचित अजून चालती-बोलती आईच असेल.

म्हणून 'ती का भांडते?' याऐवजी 'तिला कोणी, कधी, काय सांगितलं होतं?' असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नात दोषी आधीच ठरलाय. दुसऱ्यासाठी सगळ्याच भावंडांकडे जावं लागतं. आणि जाल तेव्हा मुलाखतीची वेळ त्या घराला ठरवू द्या, तुमच्या सबमिशनच्या तारखेला नाही.