दिवस राहण्याआधीची लस

"लहानपणी हिच्या सगळ्या लशी झाल्यात," लेकीसोबत आलेली आई सांगते. पुण्यातल्या या दवाखान्यात हे वाक्य नेहमीचं, आणि ते खोटंही नसतं. पण सरकारी वेळापत्रकात तेव्हा गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली नोव्हेंबर २०१८मध्ये, तीही पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. तेव्हा कॉलेजात असलेल्या मुली सुटल्या. आज मुलाचा विचार करणाऱ्या बऱ्याच जणी त्यांतल्याच.

रुबेलात आईला जेमतेम पुरळ आणि कणकण. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भाचे मात्र डोळे, कान, हृदय सापडतात तावडीत. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं आणि आयांचा रुबेला यांचा संबंध सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला.

लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची, म्हणून गरोदरपणात देत नाहीत. दिवस राहिल्यावर रक्तात रुबेलाची आयजीजी, म्हणजे प्रतिकारशक्ती दाखवणारी प्रतिपिंडं, निगेटिव्ह आली, तर जपून राहण्यापलीकडे हातात काही नाही. लस थेट बाळंतपणानंतर. आधी तपासायचं ते यासाठी. त्यातही रुबेलासोबत इतर संसर्गांच्या तपासण्यांचा अख्खा टॉर्च पॅनेल कशाला लिहून देतात, कोण जाणे. काही डॉक्टर तपासणीही न करता लस देतात. प्रतिकारशक्ती आधीच असली तरी जादा डोस बाधत नाही. मला हे पटतं.

सिस्टर फ्रिजमधून एमएमआरची, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीची, कुपी काढते. तळाशी बत्ताशासारखी चकती. सोबतचं पाणी सिरिंजने आत सोडलं की ती बघता बघता विरघळते.

"पाळी कधी आली होती, ताई?"

"परवाच."

मगच अर्धा एमएल सिरिंजमध्ये येतो. दंडावर स्पिरिट फिरवून सिस्टर थांबते, कारण ओल्या स्पिरिटने विषाणू निकामी होऊ शकतो. गर्दीच्या ओपीडीत एवढी सबुरी क्वचितच दिसते. सुई तिरकी, कातडीखाली.

"आता महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. राहिलेच तर घाबरून पाडायला जाऊ नका, डॉक्टरांना भेटा."

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न कांजिण्यांचा. लेकीला आठवत नाही. आईला पक्कं आठवतं. "चौथीत आल्या होत्या. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायचो." डॉक्टर कागदावर खूण करतात. आल्या नसत्या, तर कांजिण्यांच्या लशीचेही दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, आणि पुढे पुन्हा महिनाभर थांबणं आलं असतं.