सायकलवरची अमानत

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले. कित्येक भगिनींची शिवणयंत्रे चिखलाने निकामी झाली. ती नवी घेऊन देता यावीत, या नियतीने त्या डिसेंबरात आम्ही दोघे मित्र पनवेलहून सायकलींवर निघालो. नातलग, शेजारी आणि मशिदीतल्या सोबत्यांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल केली होती.

फजर पढून निघायचे, ऊन चढले की थांबायचे. महाडपर्यंत सारे सुरळीत झाले. पोलादपूरला मित्राचा गुडघा सुजला आणि समोर कशेडी घाट! एका टेम्पोवाल्या दादांनी आम्हाला सायकलींसह खेडला सोडले. भाडेही घेतले नाही.

रात्री प्रश्न पडला, हे अंतर हिशेबात धरायचे का? कोण विचारणार, असे मनात येऊन गेले. मित्र म्हणाला, "भाई, हिशेब फक्त लोकांनाच द्यायचा आहे का?"

चिपळूणला पोहोचताच आम्ही सर्वांना खरे ते कळवले आणि तेवढे किलोमीटर वजा केले. काहींनी तरीही पूर्ण रक्कम दिली, काहींनी कमी. पाच यंत्रे ठरली होती, चारच झाली. पाचव्यासाठी पुन्हा निघू, इन्शाअल्लाह. या खेपेस घाट सायकलनेच चढायचा आहे.