बसलेली म्हैस, उभी गाय

कल्याणच्या रेतीबंदरापासून भिवंडी-डोंबिवलीच्या कडेच्या गावांपर्यंत तबेले अजून टिकून आहेत. बहुतेकांत म्हशी, काहींत गाई. तिथे बोलणं निघतं ते चाऱ्याच्या भावाचं. जनावर दिवसभरात किती वेळ बसतं, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि दुधाचा बराचसा हिशेब तर तिथेच अडकलेला असतो.

‘सारखी बसते, म्हणजे आजारी असणार.’ निरोगी दुभती गाय दिवसाचे 10 ते 14 तास बसून काढते. सलग नाही, तासाभराने उठते, खाते, पुन्हा बसते. रवंथाचा मोठा भाग ती बसूनच करते आणि बसल्यावर कासेकडे जाणारा रक्तप्रवाहही वाढतो. काळजी करायची ती बसूनही रवंथ न करणाऱ्या, उठवल्यावर न उठणाऱ्या जनावराची. बाकीच्यांना काठीने उठवू नये.

‘जनावर उभ्यानेच झोपतं.’ उभ्याने गाय पेंगते, एवढंच. गाढ झोपेत मानेचे स्नायू सैल पडतात, त्यासाठी तिला बसावंच लागतं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘कोबा धुतला की झालं’. धुणं हवंच, पण कोबा वाळला पाहिजे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2007 साली गाईंना कोरडा आणि ओला भुसा देऊन पाहिलं. कोरड्यावर त्या दिवसाला 13.8 तास बसल्या, ओल्यावर 8.8. पाच तासांचा फरक! आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की सकाळी धुतलेला कोबा दुपारीही ओला असतो. अशा वेळी जनावर उभं राहतं, खूर ओलाव्याने मऊ पडतात, मग लंगडणं सुरू होतं. कडक जमिनीवर बसणंही दुखतं, कारण गाय आधी पुढच्या गुडघ्यांवर येते आणि अंगाचा भार त्यांच्यावर पडतो. तबेल्याच्या मालकाने स्वतः त्या जागी गुडघे टेकून पाहावेत. गुडघे दुखले किंवा कपडे भिजले, तर तिथे पेंढा, भुसा किंवा रबरी चटई हवी आणि मोरीकडे नीट उतार हवा.

‘म्हशीला चिखलच आवडतो’ हे अर्धसत्य आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, रंग काळा. अंग थंड करायला ती पाण्यात-चिखलात डुंबते. शेणामुताने भिजलेल्या कोब्यावर तासन्‌तास बसणं ही गोष्ट निराळी. त्यात कास माखते आणि कासदाहाचे जंतू थेट सडांपर्यंत पोचतात.

मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली गाय बसत नाही, तेव्हा ती तरतरीत आहे असं समजू नये. उभ्याने अंगाला वारा जास्त लागतो, म्हणून ती विश्रांती सोडून उभी राहते. पत्रा उंच करणं, पंखा लावणं, अंगावर पाणी मारणं याने ती पुन्हा बसू लागते.

मुंबईतले तबेले बाहेर काढण्यासाठी 1949 मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, 1976 मध्ये शहरी भागातल्या जनावरांसाठी कायदा आला. तबेला कुठे असावा यावर पुष्कळ वाद झाले. आतलं जनावर कशावर बसतं, याची चर्चा त्यामानाने फारच थोडी, आणि मला ती खरी उणीव वाटते. आपल्याकडच्या शिफारशींप्रमाणे छताखाली गाईला साधारण 3.5 आणि म्हशीला 4 चौरस मीटर जागा हवी. मुक्त गोठ्यात याच्या दुप्पट मोकळं अंगण. कल्याण-डोंबिवलीत जागेचे भाव पाहता अंगण अनेकांना परवडणार नाही, हे मान्य. दावं थोडं लांब सोडणं मात्र परवडतं. उठताना गाय मागचा भाग आधी उचलते आणि डोकं पुढे झोकते. दावं आखूड असलं तर तिला ते जमत नाही.

एक वेळ मात्र बसू न देण्याची आहे. धार काढल्यावर साधारण अर्धा तास सडाचं तोंड पुरतं मिटलेलं नसतं. तेव्हा गव्हाणीत ताजा चारा टाकावा, म्हणजे ती उभी राहून खाते. तेवढ्या वेळात खालचं शेण ओढून कोरडा पेंढा पसरता येतो.