हाडांना निरोप कोण देतं?

गर्भात मांडीचं हाड आधी कूर्चेचं बनतं. हाड मागून येतं. जन्मानंतरही हाडाच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ वाढपट्टी शिल्लक राहते. तिथल्या पेशी विभागतात, फुगतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. उंची वाढते ती अशी.

या वाढीचा वेग पेशींमधले रासायनिक निरोप ठरवतात. 'इंडियन हेजहॉग' आणि 'पीटीएचआरपी' ही प्रथिनं एकमेकांवर नजर ठेवून पेशींना वेळेआधी फुगू देत नाहीत. 'एफजीएफआर३' हा वाढीचा ब्रेक. त्याच्या जनुकातल्या बदलामुळे हा ब्रेक सतत दाबलेला राहिला, की हातपाय आखूड राहतात, हे १९९४ साली कळलं.

वाढ थांबली तरी निरोप थांबत नाहीत. हाड आयुष्यभर मोडतं आणि नव्यानं घडतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटानं इंटरल्युकिन-३ या प्रतिकारशक्तीच्या रेणूचा अभ्यास केला. हाड झिजवणाऱ्या पेशी तयार होण्याची प्रक्रियाच तो रोखतो, असं त्यांनी २००३ मध्ये दाखवलं. मानवी मूलपेशींना हाड बांधणाऱ्या पेशींकडे वळवण्यातही तो मदत करतो, हे २०१२ मध्ये पुढे आलं. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतले आहेत. औषधाची वाट अजून लांब आहे.

उंची वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. वाढपट्टी एकदा बंद झाली, की कोणतीही पावडर उंची वाढवू शकत नाही. मुलाची वाढ खुंटल्यासारखी वाटली, तर वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.