अस्थी व संधी यांच्या आघातजन्य इजा

अस्थी व संधी यांच्या आघातजन्य इजा : अपघात, उंचावरून पडणे, यंत्रात अवयव सापडणे किंवा खेळताना पीळ बसणे अशा बाह्य बलामुळे हाडे, सांधे व त्यांना जखडून ठेवणारे बंध यांना होणाऱ्या दुखापतींचा यात समावेश होतो. हाडाच्या सलगतेत खंड पडणे म्हणजे अस्थिभंग. सांध्यातील हाडांची टोके आपल्या जागेवरून सरकणे म्हणजे संधिच्युती. बंध ताणला वा फाटला गेल्यास त्या इजेस लचक किंवा मुरगळ म्हणतात. या इजा पुष्कळदा एकत्र आढळतात व बाहेरून सारख्याच दिसतात. ‘बोटे हलतात, म्हणजे हाड मोडलेले नाही’ हा रूढ समज त्यामुळेच फसवा ठरतो. बोटे हलविणारे स्नायू व कंडरा शाबूत असतील, तर मनगटाचे हाड मोडूनही बोटे हलू शकतात.

सुश्रुतसंहितेत भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन वर्ग करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. ताणणे, दाबणे, जुळविणे व बांधणे हे तेथील उपचाराचे टप्पे आजच्या पद्धतीशीही सुसंगत आहेत. खेडोपाडी आढळणारे हाडवैद्यही साधारणतः हेच करतात आणि साधा, न सरकलेला अस्थिभंग त्यांच्या हातून जुळतोही. मात्र असा अस्थिभंग केवळ विश्रांतीनेही बहुधा जुळतो. खरा प्रश्न उरतो तो ज्या इजेत हाडाबरोबर रक्तवाहिनी, तंत्रिका वा सांध्याचा पृष्ठभाग सापडलेला असतो तिचा. ती केवळ हाताने चाचपून ओळखता येत नाही.

प्रकार व धोके : त्वचा अभंग असल्यास बंद व जखमेचा अस्थिभंगाशी संबंध असल्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. उघड्या प्रकारात जंतुसंक्रामणाचा धोका मोठा असल्याने प्रतिजैविक औषधे व धनुर्वातप्रतिबंधक लस शक्य तितक्या लवकर देऊन जखमेतील मृत ऊतके शस्त्रक्रियेने काढून टाकतात. लहान मुलांची हाडे लवचिक असल्याने ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूसच मोडतात. उलट, वृद्धांत हाडे विरळ झालेली असल्याने घरातल्या घरात पाय घसरणेही खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे होते. मांडीचे हाड मोडल्यास बाहेर थेंबभरही रक्त न दिसता सु. १ ते १·५ लिटर रक्त स्नायूंत साठू शकते. श्रोणीच्या भंगात याहूनही अधिक रक्त जाते.

सर्वांत दगा देणारा उपद्रव स्नायुकोष्ठातील दाबवाढीचा होय. हातापायांचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. इजेनंतर सूज वाढू लागली की कप्प्यातील दाब चढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि काही तासांत स्नायू मृत होऊ लागतात. इजेच्या मानाने फार तीव्र वेदना व बोटे दुसऱ्याने सरळ करताच उठणारी कळ ही याची आरंभीची लक्षणे आहेत. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरते, कारण नाडी बराच काळ टिकून राहते. अशा अवयवावर घट्ट कामट्या बांधल्यास वा मालिश केल्यास हानी झपाट्याने वाढते. कोपराच्या वर हाड मोडलेल्या मुलाचा हात अशा रीतीने कायमचा आखडून जातो. प्रसंगी कोथ होऊन अवयव कापावा लागतो. वेळीच आवरण चिरून दाब मोकळा केल्यास हा अनर्थ टळतो.

संधिच्युतीतही वेळेला असेच महत्त्व आहे. खुब्याचा सांधा साधारणतः सहा तासांच्या आत बसविला न गेल्यास मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मृत होण्याचा संभव वाढतो. गुडघा निखळल्यास त्यामागील रोहिणीची तपासणी अनिवार्य असते.

निदान व उपचार : क्ष-किरण चित्र किमान दोन दिशांनी घेतात व त्यात हाडाच्या वरचा आणि खालचा सांधाही यावा लागतो. मनगटातील नौकाकार अस्थीचा भंग पहिल्या चित्रात न दिसता दहा ते चौदा दिवसांनी दिसू शकतो. म्हणून वेदना टिकल्यास पुन्हा चित्र घेणे इष्ट असते. आन्टोनियस मॅथायसन यांनी १८५२ मध्ये प्रसृत केलेले प्लॅस्टरचे बंधन आजही वापरात आहे. गेरहार्ट क्यून्चर यांनी १९३९ च्या सुमारास हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा बसविण्याची पद्धत आणली व मांडी मोडलेल्या रुग्णाचे अनेक आठवडे वजनाने पाय ताणून पडून राहणे त्यामुळे टळू लागले. प्रौढांत हाताचे हाड जुळण्यास ढोबळमानाने सहा आठवडे व पायाचे जुळण्यास बारा आठवडे लागतात. मुलांत याहून कमी.

नागपूर परिसर : श्रीनगर–कन्याकुमारी (क्र. ४४) व हजिरा–पारादीप (क्र. ५३) हे राष्ट्रीय महामार्ग नागपूर येथे एकमेकांस छेदतात. मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. योगायोगाने त्याच दिवशी मिहान येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचेही लोकार्पण झाले. मेयो रुग्णालय (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) व १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या अस्थिरोग विभागांकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा व बालाघाट येथूनही रुग्ण येतात. गडचिरोली शहर नागपूरपासून सु. १७० किमी. असून दक्षिणेकडील सिरोंचा त्याहून बरेच दूर आहे. खुब्याच्या सांध्यासाठी वर सांगितलेले सहा तास तेथील रुग्णाच्या वाट्याला प्रवासातच संपू शकतात. म्हणून पहिल्याच आरोग्य केंद्रात केलेली तपासणी व आधार देणे यांवर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८ हा क्रमांक आहे. ती येईपर्यंत वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मोडलेला भाग आहे त्याच स्थितीत कामट्या, फळी वा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन वरच्या व खालच्या सांध्यांसह सैलसर बांधावा. अंगठ्या व बांगड्या सूज चढण्यापूर्वी काढाव्यात. मणक्याच्या इजेचा संशय असल्यास मान व धड एका रेषेत ठेवूनच रुग्णास हलवावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने चहा-पाणी देऊ नये. आपल्याकडे मात्र नेमके तेच आधी दिले जाते. पोलिसी चौकशीच्या भीतीने मदत न करण्याचेही कारण उरलेले नाही, कारण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

हाड त्वचेबाहेर येणे, अवयव थंड, फिकट वा बधिर पडणे, सांधा निखळणे, मुलाचे कोपर सुजणे, पायावर भार देता न येणे यांपैकी काहीही आढळल्यास अस्थिरोगतज्ञाकडे विनाविलंब जावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अस्थिभंगाच्या अनेक शस्त्रक्रिया अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य होतात. प्लॅस्टर घातल्यावर बोटे निळसर पडली, बधिर झाली वा वेदना वाढत गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात परतावे. प्लॅस्टर निघाल्यावर सांधा ताठर वाटतो. तो चोळून नव्हे, तर रुग्णाने स्वतः केलेल्या व्यायामाने मोकळा होतो. विशेषतः कोपर जोराने चोळल्यास आसपासच्या स्नायूंत हाड तयार होऊन सांध्याची हालचाल कायमची घटू शकते.