विहिरीतले दगड

आमच्या शेतातली विहीर खोदायला घेतली ती १९८६ च्या उन्हाळ्यात. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि पंधराएक फुटांवर करडा, छिद्राछिद्रांचा दगड लागला. विहीर खोदणारे मामा त्याला मांजऱ्या म्हणत. त्या छिद्रांत कुठे हरभऱ्याएवढे, कुठे मुठीएवढे पांढरे-गुलाबी खडे बसलेले. फोडले की आतून चमकत. शेखभाईंच्या विहिरीत हिरे लागले, अशी गावभर बातमी झाली. चार दिवसांनी एक अनोळखी माणूस स्कूटरवरून आला आणि दोन पोती खडे चाळीस रुपयांना ठरवून गेला. संध्याकाळी टेम्पो येऊन ती पोती गेली. अब्बांना वाटले, चला, मलब्याचेही पैसे झाले.

पुढे काळा पाषाण लागला. घण उडायचा, पहार बोथट व्हायची. सुरुंग लावून छत्तीस फुटांपर्यंत गेलो आणि पैसे संपले. मामांनी अब्बांना ओढ्याकाठी नेले. ओढ्याच्या तळाशी दरडीत वीतभर जाडीचा तांबडा पट्टा दिसत होता. "चाचा, हा गेरू. हाच तुमच्या विहिरीत येणार, आणखी दहा-बारा फुटांवर. त्याच्याखाली परत मांजऱ्या, आणि पाणी त्यात." अब्बांनी माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी एकटा. मी म्हणालो, "ओढा तिकडे, विहीर इकडे. तिथला दगड इथे कसा येईल?" अब्बांनी माझे ऐकले. काम थांबले. पुढची दोन वर्षे अब्बा पुण्यात एका कारखान्यात शर्ट शिवत होते. आठवीतल्या बहिणीची शाळा सुटली, ती सुटलीच.

मामांचे म्हणणे मला समजले ते बी.ए.ला असताना, आणि तेही मराठीच्या तासाला नव्हे. वसतिगृहातला माझा खोलीसोबती भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा दगड जास्त. तो म्हणे, आधी दगड आणि खनिज यांतला फरक शिक. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला एकच पदार्थ. त्याची रासायनिक घडण ठरलेली, आतल्या अणूंची मांडणीही ठरलेली. दगड म्हणजे अशा खनिजांचे मिश्रण. खनिज हा दाणा, दगड हा चिवडा. देगलूरकडचा ग्रॅनाइट हातात घेतला तर हा चिवडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काचेसारखे दाणे क्वार्ट्‌झचे, म्हणजे आपल्या गारेचे. पांढरट किंवा गुलाबी फेल्डस्पारचे, आणि चकाकणारे काळे पापुद्रे अभ्रकाचे. हा रस जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून दाणे मोठे झाले. आमचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, जमिनीवर येऊन भराभर थंड झाला. म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत.

हे दोन्ही अग्निज दगड. दुसरा गट गाळाचा. वाळू, चिखल, शिंपले थरांवर थर साचून घट्ट झाले की वालुकाश्म किंवा चुनखडक होतो. चंद्रपूरकडचे सिमेंट याच चुनखडकावर चालते. तिसरा गट रूपांतरित दगडांचा. उष्णतेने आणि दाबाने चुनखडकाचा संगमरवर होतो. कोकणातला जांभा म्हणजे हजारो पावसाळ्यांनी झिजवलेल्या दगडाचे लोह-ॲल्युमिनियमने भरलेले शिल्लक अंग. पण महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागावर बेसॉल्टचेच राज्य आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला, आणि काही काळाने त्यावर पुन्हा दुसरा आला. असे एकावर एक थर, बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे. एखाद्या घाटातून जाताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात त्या याच.

प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून छिद्रे पडतात, तो मांजऱ्या. मधला भाग भरीव, तो काळा पाषाण. आणि पुढचा लाव्हा येण्याआधी वरचा पृष्ठभाग कुजून माती झाली असेल, तर ती नव्या लाव्ह्याखाली दबते, भाजते, तांबडी होते. तो गेरू. थर आडवे असल्यामुळे ओढ्यात दिसणारा पट्टाच थोड्या अंतरावरच्या विहिरीत, जवळपास त्याच पातळीला, भेटतो. मामा शाळेत गेले नव्हते. त्यांनी हे चाळीस विहिरींच्या तळाशी बसून वाचले होते.

आता ते खडे. श्रोतेहो, आपण दगड ओळखायला निघालो की आधी रंग बघतो, आणि तिथेच फसतो. माझे नाना उरुसांत अंगठ्या विकत. लाल अकीक मागणारे गिऱ्हाईक आले की ते हसून म्हणत, "हा भट्टीतून लाल झाला आहे." ते खरे होते. गुजरातेत रतनपूरचा अकीक खंबायतेत घडवतात, आणि तो भाजला की त्यातल्या लोहामुळे लालसर होतो. खरा अकीक आणि रंगीत काच यांतला फरक नाना दोन तऱ्हांनी दाखवत. आधी खडा ओठाला लावत. अकीक काचेपेक्षा गार लागतो. मग काचेच्या तुकड्यावर त्याची कड ओढत. अकीक हा गारेचाच भाऊ, तो काचेवर ओरखडा पाडतो. काचेचा खडा नुसता घसरतो.

नानांना ठाऊक नव्हते, पण या दुसऱ्या परीक्षेला १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस याने मोजपट्टी दिली. सर्वांत मऊ संगजिरे, त्याला एक. कॅल्साइटला तीन, क्वार्ट्‌झला सात, हिऱ्याला दहा. आपले नख अडीचच्या आसपास, चाकूचे पाते आणि काच साडेपाचच्या आसपास. खिशातल्या वस्तूंवर निम्मे काम भागते. मग फरशीच्या खडबडीत पाठीवर दगड घासून रेघ बघायची. पितळेसारखा पिवळाधमक पायराइट काळी रेघ देतो, आणि काळपट हेमॅटाइट तांबडी. खडा फुटताना सपाट पापुद्र्यांनी फुटतो की गारेसारखा वेडावाकडा, हेही बघायचे. शेवटी पातळ आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट फसफसते, गार ढिम्म हलत नाही. (आम्ल लहान मुलांच्या हाती देऊ नये.)

अब्बांच्या खड्यांतला एक बहिणीने खेळायला ठेवला होता. खोलीसोबत्याने त्याची परीक्षा घेतली. चाकूने ओरखडा पडला, म्हणजे गार नव्हे. आम्लाने फसफसला नाही, म्हणजे कॅल्साइट नव्हे. सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक, आणि आकार मधोमध बांधलेल्या कडब्याच्या पेंढीचा. "स्टिल्बाइट," तो म्हणाला, "झिओलाइटच्या कुळातला." लाव्ह्याच्या छिद्रांतून पुढे गरम पाणी खेळले, आणि त्यात विरघळलेले क्षार छिद्रांच्या भिंतींवर स्फटिक होऊन बसले. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेड्टने असा खडा तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फेसाळला. याच्या घडणीतच पाणी असते. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून नाव ठेवले, उकळता दगड.

पुष्कळ वर्षांनी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहिले. नावात गारगोटी, पण आत झिओलाइटचे आणि त्यांच्या सोबत्यांचे वैभव. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळेशार कॅव्हनसाइट तिथे पाहून घ्यावे. असा निळा मी शाईतही पाहिलेला नाही. एका काचेमागे आमच्यासारखीच गुलाबी पेंढी होती. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. दोन पोती, चाळीस रुपये.

१९८८ मध्ये अब्बा परतले आणि मामांना पुन्हा बोलावले. या वेळी मला कुणी विचारले नाही. अकराव्या फुटाला गेरू लागला, त्याखाली मांजऱ्या, आणि त्याच्या सांध्यांतून पाणी. मोटर तीन तास चालायची. पावसाळ्यात गेरू फुगला आणि एक बाजू ढासळली. गेरू ओला झाला की फुगतो, तिथे चिरेबंदी करून घ्या, असे मामांनी जाताना बजावले होते. पण त्यासाठीचे पैसे अब्बांनी माझ्या वसतिगृहाच्या फीसाठी ठेवले होते.