मोने डेव्हिसचे पान आणि पुराव्याचा कायदा

विश्वकोश म्हणजे मान्यता मिळालेल्या ज्ञानाचे कोठार. या कोठाराच्या किल्ल्या आजवर कोणाच्या कमरेला होत्या, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. कोणाचे चरित्र चार पानांचे, कोणाचे चार ओळींचे आणि कोणाचे मुळीच नाही, हे बंद खोलीत ठरत असे. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला आणि कोणीही लिहावे, कोणीही खोडावे असा कोश जगासमोर आला. १ मे २००३ रोजी तो मराठीत आला. दरवाजा उघडा झाला, पण आतल्या घराचे नियम आपल्याला कोणी शिकवले नाहीत. आपली मुले तिथे जातात, तळमळीने दोन परिच्छेद लिहितात, दुसऱ्या दिवशी ते खोडलेले दिसतात आणि "तिथेही मनुवादी बसले आहेत" असे म्हणून ती परत येतात. काही वेळा ते खरे असते. दर वेळी नसते. हा फरक कळावा म्हणून मी मुद्दाम आपल्यापासून दूरचे उदाहरण घेतो.

मोने डेव्हिस. नाव वाचून कोणाला पुण्या-सांगलीकडचे आडनाव आठवेल, पण ही अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराची काळी मुलगी. जन्म जून २००१ चा, म्हणजे विकिपीडियाची आणि तिची उमर एकच. बेसबॉलमध्ये ती पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज. फरक एवढाच की पिचर चेंडूचा टप्पा पाडत नाही, थेट फलंदाजाच्या पुढ्यातून पलीकडच्या झेलणाऱ्याच्या हातात मारतो. १५ ऑगस्ट २०१४ रोजी मुलांच्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये तेरा वर्षांच्या मोनेने नॅशव्हिलच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. आठ फलंदाज तिने स्वतः बाद केले, समोरच्यांना फक्त दोन फटके मिळाले. सामना ४-० असा सुटला. चेंडूचा वेग ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. त्या स्पर्धेच्या इतिहासात सामना जिंकून देणारी आणि प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवणारी ती पहिली मुलगी. त्याच महिन्यात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. लिटल लीगच्या कोणत्याही खेळाडूला तोवर तो मान मिळाला नव्हता.

आता या मुलीचे चरित्र कोशात लिहायचे आहे. काय लिहाल?

पहिला अडथळा जिवंत व्यक्तींच्या चरित्रांविषयीच्या नियमाचा. हा नियम हवेतून आलेला नाही. २००५ च्या मे महिन्यात जॉन सायगेनथालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांत या गृहस्थांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटे. हे गृहस्थ एकेकाळी रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. सुमारे चार महिने तो मजकूर तसाच राहिला. ते प्रकरण गाजल्यावर नियम कडक झाले. जिवंत माणसाविषयी वादग्रस्त विधान असेल आणि त्याला विश्वसनीय आधार नसेल तर ते चर्चेची वाट न पाहता काढून टाकायचे. आधार देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर, खोडणाऱ्यावर नाही.

वकिलाला हे ऐकून घरी आल्यासारखे वाटते. जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण एका जागी वकील अडखळतो. न्यायालयातला जबाब, साक्षीचा उतारा, दाखल झालेली कागदपत्रे आपल्याला सर्वांत पक्की वाटतात. हा कोश म्हणतो, जिवंत माणसाच्या चरित्रात तीच वापरू नका, स्वतंत्र प्रकाशित लेखन आणा. अत्याचाराच्या खटल्यांत हेलपाटे घालणाऱ्या आमच्यासारख्यांना हे आधी जाचक वाटते. पण खोट्या फिर्यादीतला आरोपही कागदावर असतोच, आणि अशा कागदांचा फटका आपल्या कार्यकर्त्यांनी कमी खाल्लेला नाही. त्यामुळे नियम मला मान्य आहे.

दुसरा अडथळा वयाचा. तेरा वर्षांची मुलगी आहे. तिचे घर कुठे, आई-वडील काय करतात, ती कोणत्या शाळेत जाते, हे वर्तमानपत्रात छापून आले म्हणून कोशात कायमचे कोरायचे का? माझे उत्तर, नाही. नियमाचा कलही खासगीपणाकडेच आहे. आपल्याकडे उलटी रीत आहे. वस्तीतली मुलगी परीक्षेत चमकली की तिची जात, बापाची मजुरी, गळके छप्पर हे सगळे पहिल्या परिच्छेदात येते आणि तिने सोडवलेला पेपर शेवटी. २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, त्या दिवसांत या देशातले लोक गुगलवर तिची जात शोधत होते. भारतीयांच्या चरित्रात त्या व्यक्तीने स्वतः जाहीरपणे सांगितली असेल तरच जात लिहावी, असा संकेत इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांत रूढ आहे. मला तो योग्य वाटतो. जात सांगणे हा स्वाभिमानाचा निर्णय असू शकतो, पण तो ज्याचा त्याने घ्यायचा. दुसऱ्याने सांगितली की ती हजेरी होते.

तिसरी गोष्ट अपमानाची. २०१५ च्या मार्चमध्ये मोनेवर चित्रपट येणार अशी बातमी आली, तेव्हा एका महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूने तिच्याविषयी समाजमाध्यमावर घाणेरडा शब्द लिहिला. त्याला संघातून काढण्यात आले. त्याला परत घ्यावे अशी विनंती खुद्द मोनेने केली. प्रसंग मोठा आहे, चरित्रात यावा. पण किती? एखादा उत्साही संपादक त्यावर तीन परिच्छेद लिहितो आणि आठ फलंदाजांना बाद केल्याची एकच ओळ उरते, हे चरित्र झाले का? प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाइतकीच जागा द्यावी, असा तिथला नियम आहे. चळवळीतल्या लेखकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा.

आपले पळवणकर बाळू घ्या. या देशाचा पहिला थोर फिरकी गोलंदाज, चांभार समाजात जन्मलेला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. आपल्या भाषणांत काय येते? पुण्यात त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात देत, ते भांडे. भांड्याची नोंद झालीच पाहिजे, कारण ते देणाऱ्यांचे चरित्र त्या भांड्यात आहे. बाळूचे चरित्र मात्र ११४ बळींत आहे. २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. तिच्याविषयी लिहिताना दक्षिण आफ्रिकेविरुद्धची हॅट्‌ट्रिक आधी आणि शिवीगाळ नंतर यावी. आपण क्रम उलटा लावतो आणि नकळत शिवी देणाऱ्याला आपल्या माणसाच्या चरित्रात वरची जागा देतो.

सर्वांत अवघड प्रश्न मोनेच्या संघाच्या नावाचा आहे. तो संघ होता 'टेनी ड्रॅगन्स'. फिलाडेल्फियातल्या टेनी नावाच्या रस्त्यावरून क्लबचे नाव. आणि रस्त्याचे नाव रॉजर टेनी या सरन्यायाधीशावरून पडले असे मानले जाते. कायदा शिकलेल्या कोणालाही हे नाव माहीत असते. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट खटल्यात याच टेनीने निकाल दिला की काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. मनुस्मृतीला काळा झगा चढवला तर जे दिसेल ते हे निकालपत्र. आणि १५७ वर्षांनी एक काळी मुलगी त्याच नावाच्या संघाकडून मैदानात उतरली आणि जगभर गाजली.

त्याच शहरात ऑक्टेव्हियस कॅटो नावाचा काळा शिक्षक होऊन गेला. त्याचा पिथियन हा बेसबॉल क्लब. १८६७ मध्ये या क्लबने राज्य संघटनेत प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेने काळे खेळाडू असलेल्या क्लबांना दरवाजा बंद केला. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, मतदानाच्या दिवशी, कॅटोला गोळ्या घालून मारले. त्याची वाग्दत्त वधू कॅरोलिन लेकाउंट हीसुद्धा शिक्षिका. १८६७ मध्ये ट्राममधील वर्णभेद बंद करणारा कायदा झाला, तरी कंडक्टरने तिला गाडीत घेतले नाही. तिने तक्रार लावून धरली आणि कंडक्टरला दंड भरायला लावला. टेनी रस्त्याला याच कॅरोलिनचे नाव द्या, अशी मागणी तिथल्या रहिवाशांनी केली. क्लबने तर २०२० मध्येच टेनी हे नाव टाकून दिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढलेल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हे सगळे मोनेच्या पानावर लिहिता येईल का? आपला तरुण म्हणेल, लिहिलेच पाहिजे. नियम म्हणतो, थांबा. एका पुस्तकात टेनीचा निकाल आहे, एका वर्तमानपत्रात मोनेचा सामना आहे. या दोहोंना जोडून तुम्ही जो अर्थ काढला तो तुमचा आहे. तो आधी कोणीतरी अन्यत्र प्रकाशित केलेला हवा. शिवाय २०१४ चा संघ तेव्हाच्याच नावाने लिहावा लागेल, आजचे नाव मागे नेऊन चिकटवता येणार नाही.

इथे नियमाला शिव्या देऊन उठणे सोपे आहे. पण नियमाचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. ज्यांच्याकडे छापखाने, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे आहेत त्यांचा अर्थ 'आधार' ठरतो, ज्यांच्याकडे नाहीत त्यांचा अर्थ 'स्वतःचे मत' ठरतो. बाळूवर इंग्रजीत जगाला दिसेल असे विस्ताराने लिहिले गेले ते रामचंद्र गुहांच्या २००२ च्या पुस्तकात. बाळूचा भाऊ विठ्ठल याने मराठीत आत्मचरित्र लिहिले होते ते १९४८ मध्ये. मधल्या चोपन्न वर्षांत आपण काय करत होतो, हा प्रश्न प्रस्थापितांना विचारून झाल्यावर स्वतःलाही विचारावा.

हे कोडे नवे नाही. काळ्या लोकांचा विश्वकोश काढण्याची कल्पना डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०९ मध्ये मांडली. पुढे तिला धनिक संस्थांकडून पुरेसा पैसा मिळाला नाही. १९६१ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते त्याच कोशासाठी घाना देशात गेले आणि १९६३ मध्ये तिथेच वारले, कोश अपुराच राहिला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रो समाजाच्या निवेदनाची माहिती मागवणारे पत्र लिहिले ते याच ड्युबॉइसना. फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीची घरोघर पाहणी करून १८९९ मध्ये ग्रंथ लिहिणारेही तेच. आधी पाहणी, मग ग्रंथ, मग कोश हा क्रम त्यांना ठाऊक होता.

आपल्याकडे साप्ताहिके आहेत, स्मरणिका आहेत, वस्तीच्या क्रीडा मंडळांचे अहवाल आहेत. कबड्डीतल्या, कुस्तीतल्या, धावण्यातल्या आपल्या मुलामुलींच्या नोंदी तारीख, ठिकाण, निकाल आणि लेखकाचे नाव यांसह छापा. छापलेला अंक ग्रंथालयात जमा करा. त्यानंतर कोशात जा, आणि खोडले तर चर्चेच्या पानावर अंकाची तारीख व पान क्रमांक मांडून भांडा.

राहता राहिला एक मुद्दा. केवळ एकाच घटनेमुळे माहीत असलेल्या व्यक्तीचे स्वतंत्र चरित्र नको, ती माहिती घटनेच्या पानात घालावी, असाही तिथला एक नियम आहे. २०१४ च्या त्या ऑगस्टमध्ये मोनेच्या पानावर हे कलम लावावे असे कोणी म्हटले असते, तर युक्तिवाद अवघड गेला असता. २०१५ मध्ये आलेले तिचे 'रिमेंबर माय नेम' हे आत्मकथन उपयोगी पडले नसते, कारण स्वतःचे पुस्तक हा स्वतंत्र पुरावा नव्हे. पुढे ती हॅम्प्टन या काळ्यांच्या ऐतिहासिक विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला महिलांच्या नव्या व्यावसायिक बेसबॉल लीगची निवड चाचणी झाली, तिथे चोवीस वर्षांची मोने उतरली आणि नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने तिला निवडले. ते कलम आता तिला लागू होत नाही.